साहेबांचं 'इन्व्हॅल्युएबल' आणि तुमचा राग

पत्र असं आहे :

"मी नंदेसरीला एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळतो. वय 54. शाळा सातवीपर्यंत मराठीत, पुढे गुजरातीत. मार्चअखेरच्या स्टॉक ऑडिटनंतर साहेबांनी सगळ्यांना मेल टाकला. त्यात माझं नाव घेऊन माझं काम 'इन्व्हॅल्युएबल' असल्याचं लिहिलं. व्हॅल्युएबल म्हणजे मौल्यवान, आणि 'इन' लागला की उलटा अर्थ, असं शाळेत शिकवलेलं : करेक्ट-इनकरेक्ट, कम्प्लीट-इनकम्प्लीट. माझ्या कामाला काडीची किंमत नाही असं चारचौघांत लिहिलं, असं समजून मी मेलला उत्तर दिलं नाही आणि साहेबांशी कामापुरतंच बोलू लागलो. परवा भाच्याला मेल दाखवला तर तो हसतच सुटला. आता साहेबांना तोंड कसं दाखवू? भाच्याने प्रीफिक्सची लांबलचक यादी पाठवली आहे, ती पाठ करू का? आणि एक शंका. आमच्या गोडाऊनवर पहिल्यापासून 'इन्फ्लॅमेबल' लिहिलंय. सेफ्टीची नवी पोरं 'फ्लॅमेबल' म्हणतात. मग इतकी वर्षं आम्ही उलटा बोर्ड लावून बसलो होतो का? – एक स्टोअरवाला, बडोदा"

भाऊ, आधी मेलचं उरकून टाकू, बाकीच्याला वेळ आहे. आजच उत्तर पाठवा. दोनच ओळी : 'थँक यू फॉर युअर काइंड वर्ड्स, सर. द होल स्टोअर टीम वर्क्ड हार्ड फॉर धिस ऑडिट.' उशीर का झाला त्याचा खुलासा लिहू नका. साहेबांनी तो मेल पाठवून ते कधीच पुढच्या कामाला लागले असतील, आणि मार्चअखेरीला कंपनीत सगळेच तुटक बोलतात, त्यात तुमचा अबोला त्यांच्या लक्षातही आला नसेल. आलाच असेल आणि त्यांनी विचारलं, तर झालं ते सरळ सांगा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र तुम्ही लिहिलं नसलं तरी माझा अंदाज आहे की चहाच्या टपरीवर एकदोघांपाशी तुम्ही साहेबांच्या नावाने बोटं मोडली असणार. त्या एकदोघांना खरा अर्थ जरूर सांगा. तुमचा राग गेला तरी त्यांच्या डोक्यात साहेब अजून वाईटच आहेत.

आता शब्दाकडे. गंमत अशी की शाळेतल्या मास्तरांनी तुम्हाला चुकीचं शिकवलेलं नाही. 'इन्व्हॅल्युएबल'मधला 'इन' नकाराचाच आहे. फक्त तो नकार कशाला, ते बघायचं राहून गेलं. 'व्हॅल्यू' हे इंग्रजीत क्रियापदही आहे : किंमत ठरवणं, मोल करणं. जुना फ्लॅट विकायला काढला की बँकेचा माणूस येऊन व्हॅल्युएशन करतो, तेच. ज्याचं असं मोल करताच येत नाही ते इन्व्हॅल्युएबल. मराठीत याला आपण काय म्हणतो? अमूल्य. तिथेही 'अ' नकाराचाच आहे, पण अमूल्य म्हणजे फुकट किंवा टाकाऊ असं कुणाच्या मनातही येत नाही. आणंद आपल्यापासून किती लांब? तिथल्या दूध संघाचं 'अमूल' हे नाव त्या 'अमूल्य'वरूनच आलं आणि आणंद मिल्क युनियन लिमिटेडची आद्याक्षरंही त्यात बसली. रोज सकाळी ती पिशवी हातात घेताना 'हे बिनकिमतीचं दूध' असं तुम्हाला कधी वाटलं नाही. साहेबांनी तुम्हाला तेच विशेषण लावलंय.

इंग्रजीची खोड म्हणा, पण मोल करता येत नाही ते 'प्राइसलेस' आणि मोलच नाही ते 'वर्थलेस'. शेपटी एकच, अर्थ दोन टोकांचे. तुम्हाला जे वाटलं त्यासाठी इंग्रजीत 'व्हॅल्युलेस' किंवा 'वर्थलेस' लिहितात.

खरा चकवा आहे तो 'इन्फ्लॅमेबल'मध्ये, आणि त्यात तुम्ही कधी फसला नाहीत. टोल्युइनचा ड्रम उतरवताना त्यावर 'इन्फ्लॅमेबल' वाचून 'चला, हा पेटत नाही' असं तुम्ही एकदाही म्हटलं नसेल. ज्योतीचं चित्र समोर होतं, वास ओळखीचा होता, आणि शब्द तुम्ही व्याकरणाने नाही, कामाने शिकला होतात.

तर तुमचा बोर्ड उलटा नव्हता. लॅटिनमध्ये 'इन' दोन होते. दिसायला सारखे, पण मुळात वेगळे. एक नकाराचा, दुसरा 'आत, कडे, वर' अशा अर्थाचा. इन्फ्लॅमेबलमध्ये दुसरा आहे. लॅटिन क्रियापद होतं 'इन्फ्लामारे', म्हणजे ज्वाळेत घालणं, पेटवणं. इंग्रजीत त्याचं झालं 'इन्फ्लेम'. गुडघा सुजून आग होते तेव्हा डॉक्टर 'इन्फ्लमेशन' म्हणतात, ते याच घरातलं. जे इन्फ्लेम होऊ शकतं ते इन्फ्लॅमेबल. म्हणून इन्फ्लॅमेबल आणि फ्लॅमेबल यांचा अर्थ एकच : पेट घेणारं. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लॅमेबल' म्हणतात. पण तुमच्यासारखा विचार करणारे जगभर होतेच, आणि इथे गैरसमज झाला तर नुसता अबोला होत नाही, जीव जातात. म्हणून 1920 च्या दशकापासून अमेरिकेत अग्निसुरक्षेचं काम करणाऱ्यांनी 'फ्लॅमेबल'चा आग्रह धरला आणि 1959 साली ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननंही संदिग्धता नको म्हणून तोच शब्द वापरायचं धोरण जाहीर केलं. तुमची सेफ्टीची पोरं तेच शिकून आली आहेत. तेही बरोबर, तुम्हीही बरोबर.

इथे एक विषयांतर करतेच, कारण ते स्टोअरवाल्यांच्या कामाचं आहे. बेंजामिन ली व्होर्फ नावाचा एक अमेरिकी भाषा-अभ्यासक पोटापाण्यासाठी आगीच्या विमा कंपनीत काम करायचा. आगी का लागतात याचे अहवाल वाचताना त्याच्या लक्षात आलं की भरलेल्या पेट्रोलच्या ड्रमजवळ माणसं जपून वागतात आणि 'रिकाम्या' ड्रमजवळ बिनधास्त सिगारेट ओढतात. रिकामा ड्रम जास्त धोक्याचा, कारण त्यात वाफ भरलेली असते. 'रिकामा' या शब्दाने माणसं बेसावध होतात. तुम्हाला हे नवीन नाही, पण कंत्राटी पोरांना सांगताना हा किस्सा उपयोगी पडेल.

आता तुमच्याच स्टोअरमध्ये एक फेरी मारू. सकाळी प्लँटकडून इंडेंट येतो. इनवर्ड रजिस्टरमध्ये नोंद होते. माल आला की इन्स्पेक्शन, मग इन्व्हॉइस, महिनाअखेरीला इन्व्हेंटरी, सगळ्यावर इन्शुरन्स. यातला एकही 'इन' नकाराचा नाही. इन्स्पेक्शन म्हणजे आत डोकावून पाहणं. इन्व्हॉइस फ्रेंचमधून आला, मुळात 'वाटेला लावणं', माल रवाना केल्याचा कागद. इन्व्हेंटरीचं मूळ लॅटिनमध्ये 'येऊन गाठणं, सापडणं'. म्हणजे गोडाऊनमध्ये जे सापडलं त्याची यादी. ऑडिटवाल्यांना हा अर्थ फार पटेल. आणि इंडेंट! त्यात दडलाय दात. डेंटिस्टमधला 'डेंट' तोच. जुन्या काळी इंग्लंडात करार एकाच चामड्यावर दोनदा लिहायचे आणि मधोमध दातेरी कापायचे. दोघांकडे एकेक तुकडा. वाद झाला की दाते जुळवून बघायचे. जुळले नाहीत तर कागद खोटा. तुमच्या मागणीच्या चिठ्ठीचं नाव त्या दातांवरून आलंय.

मग नकाराचा 'इन' स्टोअरमध्ये कुठेच नाही? आहे, नायट्रोजनच्या सिलिंडरवर. 'इनर्ट' गॅस. हा 'इन' खरोखर 'नाही'चा. लॅटिन 'आर्स' म्हणजे कला, कसब; त्यावरून इनर्ट, ज्याच्या अंगी काही कसब नाही, जो काही करत नाही. नायट्रोजनला हे जरा लागेलच. पण कशाशी सहजी भांडत नाही म्हणून तर आपण त्याला टाकीत भरतो.

आणि काही शब्दांत उपसर्गच नसतो, नुसता भास असतो. पाइपवरचं 'इन्सुलेशन' घ्या. त्यातला 'इन्सुला' म्हणजे बेट. बेटासारखं सगळ्यांपासून वेगळं काढलेलं. 'इन्सुलिन'सुद्धा त्या बेटावरूनच, कारण स्वादुपिंडातल्या पेशींच्या बेटांमध्ये ते तयार होतं. 'इंच'मध्येही 'इन' शोधू नका. त्याचं मूळ 'बारावा भाग' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, फुटाचा बारावा भाग.

हे सगळं वाचून 'मग ओळखायचं कसं' असं तुम्ही म्हणाल. एक युक्ती सांगते, बहुतेक वेळा चालते. 'इन' काढून टाका आणि जे उरतं ते बघा. उरलेलं जर पूर्ण, ओळखीचं विशेषण असेल (करेक्ट, कम्प्लीट, अ‍ॅक्टिव्ह, व्हिजिबल) तर 'इन' बहुधा नकाराचा. उरलेला तुकडा एकटा उभा राहत नसेल (स्पेक्ट, जेक्ट, क्लूड) तर 'इन' बहुधा 'आत'चा. पेच येतो तो 'एबल'ने संपणाऱ्या शब्दांत. तिथे विचारा : 'इन'सकट एखादं क्रियापद आहे का? 'इन्फ्लेम' आहे, म्हणून इन्फ्लॅमेबल म्हणजे पेटणारं. 'इन्हॅबिट', राहणं, आहे, म्हणून 'इन्हॅबिटेबल' म्हणजे राहण्याजोगं. हा शब्दही भल्याभल्यांना उलटा वाटतो. 'इन्व्हॅल्यू' असं क्रियापद आज कुणी वापरत नाही, म्हणजे 'इन' वेगळा आणि 'व्हॅल्युएबल' वेगळं, म्हणजे नकार. बसलं? आता लगेच अपवाद घ्या : 'इन्क्युरेबल'. 'इन्कर' म्हणून क्रियापद आहे, खर्च ओढवून घेण्याचं, पण त्याचा इथे काही संबंध नाही. इन्क्युरेबल म्हणजे बरा न होणारा. आणि 'इन्फेमस' म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. माणूस चांगलाच गाजलेला असतो, फक्त भलत्या कारणासाठी.

तुमच्या यादीत 'इम', 'इल', 'इर' असे वेगळे उपसर्ग छापले असतील. ते वेगळे नाहीत, हाच 'इन' पुढच्या अक्षराच्या संगतीने बदललाय. पॉसिबलच्या 'प'पुढे इम्पॉसिबल, लीगलच्या 'ल'पुढे इल्लीगल, रेग्युलरच्या 'र'पुढे इर्रेग्युलर. आपण सत् आणि जन मिळून सज्जन करतो, उत् आणि लेख मिळून उल्लेख करतो. जीभ सगळीकडे सारखीच आळशी. फक्त एवढं लक्षात ठेवा की 'आत'चा 'इन'ही असाच बदलतो. 'इम्पोर्ट' म्हणजे आत वाहून आणणं. त्यातला 'पोर्ट' बंदर नव्हे, वाहून नेणं. 'इल्युमिनेट' म्हणजे उजेडात आणणं.

आता यादी पाठ करण्याबद्दल. करू नका. 54 व्या वर्षी पाठांतर होत नाही म्हणून नव्हे. अशा यादीत 'इन = नॉट' एवढंच लिहिलेलं असतं, आणि तेवढंच पाठ असल्यामुळे तर हा घोळ झाला. त्यापेक्षा दुसरी गोष्ट करा. यातले बरेच उपसर्ग तुमच्याकडे आधीपासून आहेत, फक्त मराठी वेषात. 1786 मध्ये कोलकात्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका मूळच्या बहिणी असाव्यात असं जाहीर भाषणात सांगितलं. तेव्हापासून विद्वानांनी त्यांचे सांधे जुळवले. आपला 'अ' किंवा 'अन्', ग्रीकांचा 'अ' किंवा 'अन्', लॅटिनचा नकारार्थी 'इन' आणि इंग्रजीचा घरचा 'अन' (अनहॅपीतला) ही सगळी एका आईची लेकरं. आपण न्यायाच्या उलट अन्याय म्हणतो, पण आदराच्या उलट अनादर. स्वर आला की मध्ये 'न' येतो. ग्रीकांचंही तेच. 'अ‍ॅटम' म्हणजे न कापता येणारा, पण रक्त कमी असण्याला 'अ‍ॅनिमिया', कारण ग्रीकमध्ये रक्ताचा शब्द स्वराने सुरू होई. 'अ‍ॅनॉनिमस' म्हणजे तर चक्क अनाम.

यादीतली एक जोडी मात्र घोटून ठेवाच : 'हायपर' आणि 'हायपो'. हायपरचा भाऊ संस्कृत 'उपरि', वर. हायपोचा भाऊ 'उप', खाली, जवळ. हायपरटेन्शन म्हणजे रक्तदाब चढलेला, हायपोटेन्शन म्हणजे उतरलेला. साखर अचानक उतरली की हायपोग्लायसेमिया. त्या माणसाला साखर द्यायची असते आणि चढली असेल तर द्यायची नसते. घरात कुणाला मधुमेह असेल तर फोनवर डॉक्टरने कोणता शब्द म्हटला हे नीट ऐकून, शंका असेल तर 'चढली की उतरली' असं सरळ विचारून घ्या. फोनवर दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात.

'प्री', 'प्रो', 'पर' या तिघांशी सध्या फार सलगी नको. 'प्रिस्क्राइब' म्हणजे नेमून देणं, डॉक्टर औषध देतात तसं, आणि 'प्रोस्क्राइब' म्हणजे बंदी घालणं. 'प्रॉसिक्यूट' म्हणजे खटला चालवणं, 'पर्सिक्यूट' म्हणजे छळणं. काहींना यात फरक दिसत नाही, तो भाग वेगळा. हे शब्द एखाद्या कागदात भेटले की त्या वाक्यासकट डायरीत उतरवून घ्या. सुटा शब्द विसरतो, ज्या चलनावर किंवा ज्या सर्क्युलरमध्ये तो वाचला ते आठवतं.

भाच्याचा राग धरू नका. हसला, पण मागाहून यादीही पाठवली ना. त्याला म्हणा, यादी नको, रोज संध्याकाळी एक शब्द पाठव आणि तो कसा बनला ते सांग. मग तुम्ही त्याला इंडेंटच्या दातांची गोष्ट सांगा. पैज लावते, त्याला माहीत नसेल.

आणि अर्थ विचारायची लाज बडोद्याच्या माणसाने तरी वाटून घेऊ नये. आपल्याकडे महाराजांनीच शब्दांचा पिच्छा पुरवलाय. सयाजीरावांच्या सांगण्यावरून 1931 साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' निघाला. राज्यकारभारातले इंग्रजी शब्द घेऊन त्यांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी अशा भाषांतले प्रतिशब्द एका ओळीत मांडलेले. दरबारातल्या शिकल्यासवरल्या माणसांनाही इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ लावायला असं दांडगं पुस्तक लागत होतं. सवड असेल तेव्हा मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जा. 1910 पासूनची आहे ती. एखादी जाडजूड इंग्रजी डिक्शनरी मागा आणि 'इन'ची पानं चाळा. प्रत्येक शब्दापुढे त्याचं मूळ बारीक अक्षरात दिलेलं असतं, अर्थाच्या आधी ते वाचा. फोनवरही मिळतं, पण तिथे दुसऱ्या मिनिटाला भाच्याचा व्हिडिओ येतो.

राहिला गोडाऊनचा बोर्ड. जुना आहे तो चूक नाही, म्हणून घाईने पुसायला लावू नका. टँकरवर आणि ड्रमवर नियमाने जे शब्द आणि जी चिन्हं ठरवून दिली आहेत त्यांना तर हातही लावू नका, ते सेफ्टी ऑफिसरचं खातं. भिंतीवरचा बोर्ड पुढच्या वेळी रंगवायला घ्याल तेव्हा इंग्रजीत 'फ्लॅमेबल' लिहून घ्या, खाली गुजराती आणि हिंदी दोन्ही लिपींत 'ज्वलनशील', आणि ज्योतीचं चित्र शब्दांपेक्षा मोठं. रंगाऱ्याला स्पेलिंग कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलं तर तो तिथे काय रंगवेल याचा नेम नाही.